ओटो विख्तर्ले

ओटो विख्तर्ले (२७ ऑक्टोबर, १९१३ – १८ ऑगस्ट, १९९८) हे चेक रसायनशास्त्रज्ञ होते. पाणी शोषून मऊ राहणाऱ्या कृत्रिम जेलचा, म्हणजेच हायड्रोजेलचा, जिवंत ऊतींच्या सान्निध्यात उपयोग करण्याचा पाया त्यांनी सहकारी द्राहोस्लाव लीम यांच्यासह घातला. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स (मृदू स्पर्शभिंग) आणि ती फिरत्या साच्यात ओतून तयार करण्याची पद्धत हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध शोध होत. त्याखेरीज चेकोस्लोव्हाकियातील पहिला कृत्रिम धागा 'सिलॉन' हाही त्यांच्याच संशोधनातून निर्माण झाला. सुमारे १८० पेटंटे आणि २०० हून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत.

विख्तर्ले यांच्या हयातीत त्यांच्या देशात पाच वेळा राजवट बदलली. जर्मन गेस्टापोने त्यांना तुरुंगात टाकले आणि पुढे कम्युनिस्ट राजवटीने दोनदा पदावरून दूर केले. ज्या शोधासाठी त्यांचे नाव घेतले जाते, तो त्यांनी प्रयोगशाळेत नव्हे, तर स्वतःच्या घरी मुलांच्या खेळण्यांतून बनवलेल्या यंत्रावर पूर्ण केला.

बालपण आणि शिक्षण

विख्तर्ले यांचा जन्म मोराव्हिया प्रांतातील प्रोस्त्येयोव या गावी झाला. तेव्हा हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होता. त्यांचे वडील कारेल हे शेतीची अवजारे व यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याचे भागीदार होते. पुढे याच उद्योगातून 'विकोव' या नावाच्या मोटारगाड्याही तयार होऊ लागल्या. घरच्या कारखान्यामुळे यंत्रे, साचे आणि ओतकाम यांची ओळख ओटो यांना लहानपणीच झाली. लहान असताना मलमूत्राच्या खड्ड्यात पडून ते बुडता बुडता वाचले. त्यानंतर ते दीर्घकाळ आजारी होते आणि सुरुवातीचे काही शिक्षण त्यांना घरीच घ्यावे लागले.

प्रोस्त्येयोव येथे माध्यमिक शिक्षण संपवून ते प्रागच्या चेक तंत्र विद्यापीठात रसायन तंत्रज्ञान शिकू लागले. घरच्या धंद्यात न शिरता त्यांनी विज्ञानाची वाट निवडली. वैद्यकशास्त्रातही त्यांना रस होता आणि पुढील संशोधनात तो दिसून आला. १९३६ साली पदवी मिळाल्यावर ते विद्यापीठातच संशोधन करू लागले. १९३९ साली त्यांनी अध्यापनाच्या अधिकारासाठी लागणारा दुसरा प्रबंध सादर केला. मात्र त्याच वर्षी मार्च महिन्यात जर्मनीने देशाचा ताबा घेतला आणि १७ नोव्हेंबर रोजी नाझी प्रशासनाने सर्व चेक विद्यापीठे बंद केली. त्यामुळे विद्यापीठातील त्यांचे काम थांबले.

बाटा कारखाना आणि सिलॉन

विद्यापीठे बंद पडल्यावर अनेक चेक शास्त्रज्ञांना उद्योगांच्या प्रयोगशाळांचा आधार घ्यावा लागला. विख्तर्ले यांना ज्लीन येथील बाटा कंपनीच्या संशोधन संस्थेत जागा मिळाली. पादत्राणांसाठी प्रसिद्ध असलेली ही कंपनी त्या काळी रबर, प्लॅस्टिक आणि धागे यांवरही संशोधन करीत असे. तेथे विख्तर्ले यांच्या गटाने कॅप्रोलॅक्टम या संयुगापासून पॉलिअमाइड तयार करण्याचे काम हाती घेतले. १९४१ साली या पॉलिअमाइडचा वितळलेला रस ओढून अखंड धागा काढण्याची पद्धत त्यांना साधली. अमेरिकेतील नायलॉनच्या पद्धतीवर हे संशोधन अवलंबून नव्हते. या धाग्याला 'सिलॉन' हे नाव मिळाले आणि युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात त्याचे मोठे उत्पादन झाले.

१९४२ साली गेस्टापोने विख्तर्ले यांना अटक केली. काही महिन्यांच्या तुरुंगवासानंतर त्यांची सुटका झाली आणि ते पुन्हा संशोधनाकडे वळले.

युद्धोत्तर काळ

१९४५ साली युद्ध संपताच विख्तर्ले प्रागला विद्यापीठात परतले. ते सर्वसाधारण, असेंद्रिय आणि सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवीत. त्यांनी लिहिलेली पाठ्यपुस्तके विषयाच्या मांडणीतील नावीन्यामुळे ओळखली गेली. १९४९ नंतर त्यांनी प्लॅस्टिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग उभारण्यावर भर दिला. १९५२ साली प्राग येथे रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र उच्च शिक्षण संस्था स्थापन झाली आणि विख्तर्ले तिचे अधिष्ठाता झाले.

हायड्रोजेलची कल्पना

१९५२ साली एका रेल्वे प्रवासात विख्तर्ले यांची आरोग्य मंत्रालयातील एका अधिकाऱ्याशी गाठ पडली. तो सहप्रवासी नेत्रशस्त्रक्रियेविषयीचा लेख वाचत होता. त्या लेखात काढून टाकलेल्या डोळ्याच्या जागी धातूचे रोपण बसवण्याचे वर्णन होते. धातूपेक्षा ऊतींशी जुळणारे मऊ बहुवारिक (पॉलिमर) या कामासाठी अधिक योग्य ठरेल, असे मत विख्तर्ले यांनी मांडले. या संभाषणानंतर असा पदार्थ शोधण्याचे काम त्यांनी गांभीर्याने हाती घेतले.

त्या काळी शरीरात वापरले जाणारे प्लॅस्टिक प्रामुख्याने पॉलिमेथिल मेथॅक्रिलेट, म्हणजेच प्लेक्सिग्लास, हे असे. इंग्लंडमध्ये हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली याच पदार्थाचे भिंग मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात बसवले होते. डोळ्यावर बसवायच्या कठीण कॉन्टॅक्ट लेन्सही त्यापासूनच बनत. हा पदार्थ पारदर्शक आणि टिकाऊ असला, तरी कडक व पाण्याशी फटकून वागणारा आहे. त्यातून प्राणवायू जवळजवळ जात नाही. कठीण लेन्स अनेकांना खुपत आणि फार वेळ घालता येत नसत.

विख्तर्ले यांनी उलट दिशेने विचार केला. शरीरातील बहुतेक ऊती स्वतःच पाण्याने भरलेल्या असतात. म्हणून त्यांच्याशी कायम संपर्कात राहणारा पदार्थही पाणी धरून ठेवणारा असावा, पण त्यात विरघळून जाऊ नये. त्यातून ऊतींना त्रास देणारे काही बाहेर पडू नये आणि पाण्यात विरघळलेल्या लहान रेणूंना आरपार जाता यावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

पॉलिहेमा

लीम यांच्यासह विख्तर्ले यांनी हायड्रॉक्सिएथिल मेथॅक्रिलेट हे एकवारिक (मोनोमर) निवडले. याची रचना प्लेक्सिग्लासच्या एकवारिकासारखीच असते. फरक इतकाच की त्याच्या टोकाला पाण्याशी बंध जोडणारा हायड्रॉक्सिल गट असतो. याचे अनेक रेणू साखळीत गुंफले जात असताना दोन टोकांनी जोडणाऱ्या डायमेथॅक्रिलेटचे अल्प प्रमाण त्यात मिसळले, की साखळ्या एकमेकींशी ठिकठिकाणी बांधल्या जातात. त्यामुळे एक त्रिमितीय जाळे तयार होते. हे जाळे पाणी शोषून फुगते. आडव्या बंधांमुळे साखळ्या सुट्या होत नाहीत, म्हणून ते विरघळत मात्र नाही.

अशा रीतीने मिळालेला पदार्थ वजनाच्या सुमारे ४० टक्के पाणी धरतो. कोरडा असताना तो काचेसारखा कडक व ठिसूळ असतो. पाण्यात फुगल्यावर तो मऊ, लवचीक आणि पारदर्शक होतो. त्याचे लघुनाम 'पॉलिहेमा' असे आहे. १९५३ साली विख्तर्ले व लीम यांनी त्याच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि १९५४ साली हा पदार्थ नेत्रगोलाच्या खोबणीतील रोपणासाठी प्रथम वापरला गेला. जैविक उपयोगाच्या जलप्रिय जेलविषयीचा त्यांचा संक्षिप्त निबंध १९६० साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जैववैद्यकीय पदार्थविज्ञानाच्या इतिहासात हा निबंध मैलाचा दगड मानला जातो.

हे जेल बनवण्याची सौम्य प्रक्रिया पुढील काळात विशेष महत्त्वाची ठरली. त्यासाठी मोठा दाब किंवा प्रखर उष्णता लागत नाही. पाणी किंवा ग्लिसरॉलसारख्या निरुपद्रवी द्रवात एकवारिक मिसळून योग्य आरंभक घातला, की माफक तापमानालाही साखळ्या वाढू लागतात. द्रवाचे रूपांतर थेट साच्याच्या आकाराच्या जेलमध्ये होते. त्यामुळे कारखान्यातील मोठ्या यंत्रसामग्रीशिवायही हे काम करणे शक्य झाले.

मऊ लेन्सचे पहिले प्रयत्न

हा पदार्थ कॉन्टॅक्ट लेन्ससाठी योग्य असल्याचे विख्तर्ले यांच्या लवकरच लक्षात आले. डोळ्याच्या पारपटलाला रक्तपुरवठा नसतो. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून अश्रूंच्या थरावाटे मिळतो. पाणी धरणाऱ्या जेलमधून काही प्रमाणात प्राणवायू पारपटलापर्यंत पोहोचू शकतो. मऊपणामुळे लेन्स डोळ्याच्या पृष्ठभागावर नीट बसते.

अडचण होती ती लेन्सला आकार देण्याची. १९५७ साली विख्तर्ले यांनी पॉलिस्टायरीनच्या बंद साच्यांत सुमारे १०० मऊ लेन्स बनवल्या. मात्र साच्यातून काढताना त्यांच्या पातळ कडा फाटत आणि प्रत्येक लेन्स हाताने घासून पूर्ण करावी लागे. त्यातच १९५८ साली कम्युनिस्ट नेतृत्वाने त्यांच्या शिक्षणसंस्थेत राजकीय शुद्धीकरणाची मोहीम राबवली. विख्तर्ले यांच्यासह अनेक मान्यवर अध्यापकांना तेथून बाहेर पडावे लागले आणि संस्थेतील लेन्सचे संशोधन संपुष्टात आले.

मात्र १९५७ साली प्रागमध्ये स्थूलरेणवीय रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. या क्षेत्रासाठी स्वतंत्र केंद्र हवे, हे त्या परिषदेमुळे शासनाला पटले. त्यानुसार चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीने स्थूलरेणवीय रसायनशास्त्र संस्था स्थापन केली आणि विख्तर्ले तिचे संचालक झाले. एका संस्थेतून घालवलेल्या शास्त्रज्ञाची अशा रीतीने दुसऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. मात्र नव्या संस्थेची इमारत अद्याप बांधून व्हायची होती.

घरातील प्रयोग

इमारत तयार होईपर्यंत विख्तर्ले यांनी प्रयोग घरीच चालू ठेवले. बंद साच्याऐवजी उघडा साचा फिरवत ठेवला तर कडा फाटण्याची अडचण दूर होईल, अशी त्यांची कल्पना होती. वाटीसारख्या फिरणाऱ्या साच्यात द्रव ओतला की तो बाहेरच्या बाजूला चढतो आणि त्याचा वरचा पृष्ठभाग आपोआप खोलगट, गुळगुळीत होतो. लेन्सचा बाहेरचा आकार साचा ठरवतो, तर डोळ्याकडील आकार फिरण्याचा वेग, गुरुत्वाकर्षण व द्रवाचा पृष्ठताण ठरवतात. वेग बदलला की लेन्सची शक्ती बदलते. द्रव फिरत असतानाच त्याचे जेल होते. त्यामुळे नंतर घासकाम करण्याची गरज उरत नाही आणि कडाही पातळ व नितळ राहतात.

१९६१ सालच्या ख्रिसमसमध्ये विख्तर्ले यांनी ही कल्पना प्रत्यक्षात आणली. यंत्राचा सांगाडा त्यांनी 'मेर्कुर' या मुलांच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्यांपासून जोडला. हे खेळणे मेकॅनोसारखे असते. साचा फिरवण्यासाठी मुलाच्या सायकलचा डायनॅमो आणि विजेसाठी दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर वापरला. साचे आणि द्रव मोजून सोडण्याच्या काचनळ्या त्यांनी स्वतः बनवल्या. स्वयंपाकघरातील टेबलावर पत्नी लिंडा यांच्या मदतीने त्यांनी पहिल्या चार लेन्स तयार केल्या. त्या त्यांनी स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिल्या. लेन्सची शक्ती त्यांच्या दृष्टीला जुळणारी नव्हती, परंतु त्या डोळ्यांना खुपल्या नाहीत.

काही दिवसांतच त्यांनी पेटंटाचा अर्ज तयार केला. त्यानंतर अधिक साचे एकाच वेळी फिरवणारी यंत्रे त्यांनी त्याच खेळण्यातून उभारली. डायनॅमो अपुरा पडू लागल्यावर घरातील ग्रामोफोनची मोटर वापरली. १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत विख्तर्ले पती-पत्नींनी घरी सुमारे ५,५०० लेन्स बनवल्या. नेत्रतज्ज्ञ मॅक्सिमिलियन ड्रायफस यांनी प्रागमध्ये रुग्णांवर या लेन्सच्या चाचण्या घेतल्या.

परवाने आणि जागतिक उत्पादन

या शोधाचे हक्क राज्याकडे होते आणि परदेशांशी व्यवहारही शासकीय यंत्रणेमार्फतच होत. १९६५ साली अमेरिकेतील नॅशनल पेटंट डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने हक्क विकत घेतले आणि पुढे बॉश अँड लॉम्ब या चष्म्याच्या भिंगांच्या कंपनीला उत्पादनाचा परवाना दिला. १९७१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मऊ लेन्सना मान्यता दिली आणि त्या बाजारात आल्या. थोड्याच वर्षांत मऊ लेन्सनी कठीण लेन्सना मागे टाकले.

परवान्यांतून मिळालेल्या पैशाचा अगदी अल्प वाटा संशोधकाच्या पदरी पडला. जगभर मोठा उद्योग उभा राहिला, तरी विख्तर्ले त्यातून श्रीमंत झाले नाहीत.

प्राग वसंत आणि त्यानंतर

१९६८ साली चेकोस्लोव्हाकियात अलेक्झांडर दुबचेक यांच्या नेतृत्वाखाली सुधारणांचा काळ सुरू झाला. हा काळ 'प्राग वसंत' या नावाने ओळखला जातो. त्या वर्षी जूनमध्ये लेखक लुडव्हिक व्हात्सुलिक यांनी लिहिलेला 'दोन हजार शब्द' हा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. लोकशाहीकरण पुढे चालू ठेवावे, अशी मागणी त्यात होती. विख्तर्ले यांनी त्यावर सही केली. २१ ऑगस्ट रोजी सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालील सैन्य देशात शिरले आणि सुधारणांचा शेवट झाला.

सह्या करणाऱ्यांना पुढील काळात त्याची किंमत मोजावी लागली. १९७० साली विख्तर्ले यांना संस्थेच्या संचालकपदावरून हटवण्यात आले. परदेशी शास्त्रज्ञांशी त्यांचा संपर्क तोडण्यात आला आणि अध्यापनावरही मर्यादा आल्या. जगभरातील लोक त्यांच्या शोधाचा लाभ घेऊ लागले त्याच वर्षांत त्यांचे मायदेशातील स्थान सामान्य संशोधकाचे झाले. तरीही त्यांनी देश सोडला नाही आणि संशोधनही थांबवले नाही. पुढील काळात त्यांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत बसवायच्या हायड्रोजेल भिंगांवर काम केले.

अखेरची वर्षे

नोव्हेंबर १९८९ मधील 'मखमली क्रांती'नंतर कम्युनिस्ट राजवट संपली. १९९० साली विख्तर्ले चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. त्या वेळी ते ७६ वर्षांचे होते. १९९२ च्या अखेरीस देशाचे विभाजन होईपर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. नंतर ते चेक प्रजासत्ताकाच्या विज्ञान अकादमीचे मानद अध्यक्ष होते. याच काळात त्यांच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १८ ऑगस्ट, १९९८ रोजी मोराव्हियातील स्त्राझिस्को येथील उन्हाळी घरी त्यांचे निधन झाले.

वारसा

पॉलिहेमापासून सुरू झालेले हायड्रोजेलचे क्षेत्र आज जखमेवरील आवरणे, औषधे सावकाश सोडणारे साठे, ऊती वाढवण्याचे सांगाडे आणि शरीराला चिकटणारे संवेदक यांपर्यंत विस्तारले आहे. अलीकडील संशोधनात दोन गुणांना विशेष महत्त्व आले आहे. ते म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता आणि फाटल्यावर आपोआप सांधले जाण्याची क्षमता.

विख्तर्ले यांच्या जेलमधील आडवे बंध कायमस्वरूपी असतात. असा बंध एकदा तुटला की परत जुळत नाही. म्हणूनच १९५७ सालच्या लेन्सच्या फाटलेल्या कडा पुन्हा सांधता येत नव्हत्या. स्वतः सांधल्या जाणाऱ्या जेलमध्ये याउलट तुटून पुन्हा जुळणारे बंध वापरले जातात. हायड्रोजन बंध, विरुद्ध विद्युतभारांमधील आकर्षण, किंवा बोरेट आयन आणि पॉलिव्हिनिल अल्कोहोल यांच्यातील बंध ही त्याची उदाहरणे होत. अशा जेलचे दोन तुकडे एकमेकांना टेकवून ठेवले, की बंध नव्याने जुळतात आणि तुकडे एकसंध होतात.

वीजवहनासाठी जेलमधील पाण्यात क्षार विरघळवले जातात किंवा जाळ्यात वीजवाहक बहुवारिक गुंफले जाते. वीजवाहक बहुवारिकांविषयीच्या १९७० च्या दशकातील कार्यासाठी ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉलिपायरोल, पॉलिॲनिलीन यांसारखी ही बहुवारिके स्वतः ठिसूळ असतात. मऊ जेलमध्ये गुंफल्यास ती वीज वाहतात आणि जेलचा मऊपणाही बऱ्याच अंशी टिकतो. मज्जातंतूंना टेकणाऱ्या विद्युतअग्रांवर चढवण्यासाठी पॉलिहेमा आणि पॉलिपायरोल यांच्या मिश्रणाचाही अभ्यास झाला आहे.

असे पदार्थ सौम्य परिस्थितीत, म्हणजे पाण्यात, साध्या तापमानाला आणि तीव्र आम्ल किंवा अल्कली न वापरता बनवण्यावर आज भर दिला जातो. उष्णतेने आणि विषारी द्रावकांनी जिवंत पेशी व प्रथिने नष्ट होतात, तसेच उलट जुळणारे नाजूक बंधही टिकत नाहीत. शरीराजवळ राहणारा पदार्थ शरीराला सोसेल अशाच रीतीने घडवावा, हा विचार विख्तर्ले व लीम यांच्या १९५० च्या दशकातील कार्यात स्पष्टपणे आढळतो.

सन्मान

'३८९९ विख्तर्ले' या लघुग्रहाला त्यांचे नाव देण्यात आले आहे. चेक विज्ञान अकादमी तरुण संशोधकांना त्यांच्या नावाने पुरस्कार देते. ओस्ट्राव्हा येथील एक माध्यमिक विद्यालयही त्यांच्या नावाने ओळखले जाते. २७ ऑक्टोबर, २०२१ रोजी त्यांच्या १०८ व्या जन्मदिनानिमित्त गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे विशेष चित्र प्रसिद्ध केले.